यंत्रातलं कुंकू

भांडी धुण्याच्या यंत्राला मीठ लागतं, ही माहिती विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटला पहिल्यांदा मी दिली. त्याच संध्याकाळी तिघी जणींनी मला जिन्यात वेगवेगळं गाठून विचारलं, "मग हळद?"

मी हसले. सांगलीत राहून हळदीला हसू नये, एवढी अक्कल एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवूनही मला आली नव्हती.

यंत्र आमच्या मुलीने, दीपमालाने, पुण्याहून पाठवलं. सोबत पावडरीची एक पिशवी होती, ती सतरा दिवस पुरली. अठराव्या दिवशी मी भिंग घेऊन पिशवीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. धुण्याचा सोडा, लिंबूसत्व, आणखी दोन-तीन साधे क्षार, आणि बाकी वास. म्हणजे आम्ही मुख्यतः वास विकत घेत होतो, आणि तोही यंत्राचं दार बंद करून भांड्यांना हुंगायला देत होतो. ही पावडर यापुढे घरीच होईल, असं मी जाहीर केलं. माझ्या नवऱ्याने, प्रबुद्धने, वर्तमानपत्र खाली न घेता "बरं" म्हटलं. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस "बरं" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ "फाईल माझ्या टेबलावर नाही" एवढाच असतो.

दुसरं एक मी रंगुबाईंना सांगितलं. रंगुबाई आमच्याकडे अकरा वर्षं भांडी, झाडलोट आणि फरशी करतात. त्यांचं माहेर म्हसवडकडचं, मेंढरंवाल्यांचं. त्या फार बोलत नाहीत, मीही फार बोलत नाही, म्हणून आमचं बरं चालतं. महिनाअखेरपर्यंत पावडर जमली की एक तारखेपासून भांडी बंद, झाडलोट आणि फरशी चालू, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मला संदिग्ध बोलणं आवडत नाही. विश्रामबागेतली आणखी दोन घरं त्यांच्या हातून अशाच यंत्रांमुळे गेली होती, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात घेणं यांतला फरक मी विद्यार्थ्यांना दर वर्षी समजावून सांगत असे.

रंगुबाईंनी तवा उलटा करून निथळत ठेवला. "आनि न्हाई जमली तर?"

जमेल, मी म्हणाले. रसायनशास्त्र आहे ते.

"बरं," रंगुबाई म्हणाल्या. हे "बरं" पाटबंधारे खात्यातलं नव्हतं, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

आधी मी, सगळे करतात तशी, फोनवरच्या चित्रफिती पाहिल्या. तीन तास पाहिल्या आणि तीन तासांत एकाही बाईने एकही वजन सांगितलं नाही. "थोडासा", "अंदाजे", "आपल्या आवडीप्रमाणे". सोडा आवडीप्रमाणे घालायची वस्तू आहे, हे मला नवीन होतं. एका बाईने सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफस काढली आणि "बघा किती ताकद आहे" असं ती म्हणाली. त्या फसफशीत सोडा आणि आम्ल दोघंही एकमेकांना मारून मोकळे होतात आणि मागे उरतं ते खारट पाणी. भांडं होतं तिथेच राहतं. खाली साडेचारशे लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

तोवर सल्ले यायला सुरुवात झाली होती. आमच्याकडे कुणी आजारी पडलं तर लोक विचारायला येत नाहीत, पण कुणी काही नवीन करतंय असं कळलं की चपला दारात मावत नाहीत. एकीने राख सुचवली. अपार्टमेंटमध्ये राख कुठून आणू, असं विचारल्यावर तिने माझ्याकडेच असं पाहिलं, जणू चूल नसणं हा माझा आळस. एकीने आंबट ताक सुचवलं. समोरच्या फ्लॅटमधली स्वप्नाली फोनवर "वहिनींच्या युक्त्या" नावाने चित्रफिती करते. तिने रिठा सुचवला, कारण रिठा नैसर्गिक असतो. धोतराही नैसर्गिक असतो, असं मी म्हणाले, पण मी हळू बोलते, त्यामुळे ते बहुधा तिच्यापर्यंत पोचलं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धैर्यशीलराव यांनी सांगितलं की त्यांच्या गावच्या विहिरीच्या पाण्याने भांडी आपोआप निघतात. मग इथे कशाला राहता, असं मी विचारलं नाही. ते सेक्रेटरी आहेत आणि पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे असते.

बाजारात मी दोन किलो लिंबूसत्व मागितलं. दुकानदाराने आदराने विचारलं, "कार्य कधी हाय?" कार्य नाही, मी म्हणाले. मग पाच किलो धुण्याचा सोडा मागितल्यावर त्याने आदर काढून घेतला.

पहिली पावडर मी प्रयोगशाळेतल्या तराजूवर दशांश ग्रॅमपर्यंत मोजून केली, काचेच्या बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि वर तारखेची चिठ्ठी चिकटवली. दुपारी सव्वादोनला झाकण छताला लागलं. मागोमाग बरणीतून पांढरा चिखल फसफसत बाहेर आला आणि ओट्यावरून संथपणे निघाला. त्याचं कारण मला झाकण खाली पडायच्या आतच कळलं. दुकानदाराने दिलेला सोडा स्फटिकांचा होता. त्या स्फटिकांत त्यांचं स्वतःचं पाणी असतं, आणि ते पाणी मिळालं की शेजारचं लिंबूसत्व गप्प बसत नाही. ही चूक अकरावीतल्या मुलाने केली असती तर मी त्याला आठवडाभर परीक्षानळ्या धुवायला लावल्या असत्या. प्रबुद्ध आतल्या खोलीतून "दार वाजलं का गं?" एवढंच म्हणाला. छतावर अजून एक वर्तुळ आहे. रंगुबाईंनी चिखल पुसला आणि बरणी धुऊन ठेवली. मग कॅलेंडरकडे तेवढं पाहिलं.

दुसरी पावडर निर्दोष होती, असं मी आजही म्हणते. सोडा कढईत भाजून कोरडा केला होता. दोष प्रबुद्धचा. मला मदत करावी असं त्याच्या मनात छत्तीस वर्षांत एकदाच आलं आणि ते त्या सकाळी आलं. मी अंघोळीला गेले असताना त्याने स्वप्नालीकडून आणलेला रिठ्याचा भुगा दोन मुठी यंत्रात टाकला. रिठ्याला फेस येतो, हे महाराष्ट्रात केस धुतलेल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. पण प्रबुद्धला टक्कल फार लवकर पडलं. फेस दाराच्या फटीतून आला, स्वयंपाकघर ओलांडून दिवाणखान्यात गेला, आणि जो पाइपात गेला तो तळमजल्याच्या जाळीतून वर निघून धैर्यशीलरावांच्या गाडीभोवती गुडघाभर उभा राहिला. गाडी त्यांनी त्याच सकाळी पुसली होती.

संध्याकाळी फलकावर नोटीस लागली. "सदनिका क्र. ३०३ मध्ये रासायनिक उत्पादन सुरू असल्याचे निदर्शनास आले असून, सक्षम प्राधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र सादर होईपर्यंत सदर उत्पादन स्थगित ठेवावे." नोटिशीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे मला जास्त राग आला.

सक्षम प्राधिकारी कोण, हे धैर्यशीलरावांना माहीत नव्हतं. ते शोधणं अर्जदाराचं काम असतं. मी एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने कारखान्याचं क्षेत्रफळ विचारलं. एक डबा, मी म्हणाले. त्याने मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीने कामगार किती असं विचारलं. मी एकटी, असं सांगितल्यावर ती खिडकी हळहळली आणि तिने मला विधवांच्या योजनेचा फॉर्म दिला. प्रबुद्ध बाहेर स्कूटरवर बसला होता. तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी मात्र माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, यंत्राची अश्वशक्ती विचारली, आपल्या यादीतून बराच वेळ बोट फिरवलं आणि भांडी धुण्याचं यंत्र यादीत नसल्यामुळे त्यातल्या त्यात जवळचं म्हणून "पिठाची गिरणी (घरगुती)" असा शिक्का मारून दिला. दळणाचा त्रास शेजाऱ्यांना होणार नाही, अशी हमी मी सही करून दिली. धैर्यशीलरावांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि फाइलला लावला. शिक्का गोल होता, आणि त्यांचं समाधान तेवढ्याने होतं.

तिसरी पावडर जमली. आता मी आम्ल आणि सोडा एकत्र ठेवलेच नाहीत. डब्यात फक्त सोडा आणि थोडं मीठ. लिंबूसत्व वेगळ्या बाटलीत, शेवटच्या पाण्यासाठी. पेले असे निघाले की प्रबुद्धने पाणी प्यायच्या आधी पेला उजेडात धरला. मी एक पेला रंगुबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला, आतून अंगठा घासून पाहिला, आणि "सोच्छ हाय" म्हणून परत दिला. महिना संपायला आठ दिवस होते. त्या दिवशी त्यांनी फरशी जरा जास्त वेळ पुसली. यंत्राखालची फरशी दोनदा पुसली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण स्वप्नालीच्या भावाचं लग्न निघालं, आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ती पाट्यावरच्या ओल्या हळदीने लडबडलेले सहा पांढरे चिनी मातीचे वाडगे आणि दोन पराती घेऊन माझ्या दारात आली. "काकू, पेल्याचं काय, पेला कुणीबी धुईल," ती म्हणाली. "सांगलीची हळद काढून दाखवा." चित्रीकरणासाठी तिने फोन आधीच सुरू ठेवला होता.

शहाण्या बाईने नाही म्हटलं असतं. मी सोडा नेहमीपेक्षा दीडपट मोजला, वाडगे लावले, दार बंद केलं आणि बटण दाबलं. वीस मिनिटांनी लाइट गेली.

पाच मिनिटं थांबून मी दार उघडलं.

आत सगळं लाल होतं. वाडगे लाल, पराती लाल, तळाशी साचलेलं पाणी लाल, दाराच्या आतल्या बाजूने लाल ओघळ खाली येत होते. पिवळा रंग औषधालाही नव्हता. स्वप्नाली मागे सरली. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, ही गोष्ट मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलेली नाही. रंगुबाई फरशी पुसत बसल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून आत पाहिलं.

"कुकू," त्या म्हणाल्या, आणि फडकं पिळलं.

"कुंकू नव्हे ते," मी म्हणाले.

वर्गात मी घाईने उत्तर देणाऱ्या मुलांना नेहमी खाली बसवत असे. मी ते वाक्य इतक्या घाईने उच्चारलं की पुढचं, म्हणजे हळद ही दर्शक आहे, ती सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात लाल होते आणि आम्लात पुन्हा पिवळी होते, लाइट गेली नसती तर पुढच्या पाण्याने हे सगळं वाहूनही गेलं असतं, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत स्वप्नाली जिन्यात पोचली होती. लग्नाची हळद, वार शुक्रवार, आणि कुणी हात न लावता बंद डब्यात तिचं कुंकू झालं. एवढं तिला पुरे होतं. खरं म्हणजे त्याच्या निम्मंही पुरलं असतं.

दुपारी बारापर्यंत चित्रफीत मिरजेला पोचली. एकपर्यंत पहिली ओटी आली.

आमच्या घरात देव नाहीत. माझ्या वडिलांनी सोळाव्या वर्षी आपल्या आई-वडिलांबरोबर धम्म स्वीकारला. त्यानंतर आमच्या घराण्यात कुणी नवस बोललेलं नाही की कुणाची ओटी भरलेली नाही. दिवाणखान्यात बुद्धांची मूर्ती आहे आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि दोघांच्याही समोरून, दोघांकडेही न पाहता, सतरा बायका त्या दुपारी नारळ, खण आणि तांदूळ घेऊन थेट स्वयंपाकघरात गेल्या. यातल्या नऊ जणी पदवीधर होत्या. दोघी माझ्याच विद्यार्थिनी. त्यातल्या एकीने लिटमस कागदावर मला अतिशय सुबक उत्तर लिहून दिलं होतं, ते मला अजून आठवतं. तिने यंत्राला हार घातला. हार दाराच्या मुठीला अडकवायचा की बटणांवरून सोडायचा, यावर थोडी चर्चा झाली.

मी प्रत्येकीला सांगितलं. "हो का," असं जी ती म्हणाली, आणि हळदीकुंकवाची बोटं यंत्राला लावून गेली. प्रबुद्धने तोंडाने निषेध केला, पण पेढे खाल्ले. लोकांच्या भावना असतात, असं तो म्हणाला. माझ्याही असतात, असं मी म्हणाले. त्यावर तो म्हणाला, तुझा तर अभ्यास आहे.

संध्याकाळी धैर्यशीलराव आले, अनवाणी. मागची नोटीस मी मनावर घेऊ नये, असं त्यांनी सांगितलं. निघताना त्यांनी दोन्ही हात जोडून मान खाली घातली, कुणासमोर ते मी पाहिलं नाही, आणि अर्ध्या तासात फलकावर नवी नोटीस लागली. तीत दर्शनाच्या वेळा आणि चपला कुठे काढाव्यात याच्या सूचना होत्या. "गिरणीस हात लावू नये" असंही एक कलम होतं. कागदोपत्री ती गिरणी आहे, हे ते विसरले नव्हते.

त्या गर्दीत लोणंदहून वडिलांचा फोन आला. ते पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांना चित्रफीत त्यांच्या चहाच्या कट्ट्यावर कुणीतरी दाखवली होती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. ते म्हणाले, "अंजे, मी बुधवारी येतो. तवर ते तुझ्या घरात असंल का?"

नसेल, मी म्हणाले.

रविवारी मी पार्किंगमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. धैर्यशीलरावांनी परवानगी दिली, खुर्च्या दिल्या आणि स्वतःहून समईही आणली, ती मी परत पाठवली. टेबलावर चार काचेचे पेले, पाणी, हळद, सोडा आणि लिंबं. पन्नासेक लोक जमले होते. मी प्रत्येक पेल्यात चमचाभर हळद ढवळली. दोन पेल्यांत सोडा टाकला, पाणी लालभडक झालं. लोक पुढे सरकले. हे कोणीही आपल्या घरात करू शकतं, यात कोणाचाही हात नाही, असं मी सांगितलं. मग मी एक लिंबू कापलं आणि एका लाल पेल्यात पिळलं. पेला फसफसला आणि पाणी पुन्हा पिवळं झालं.

मला वाटलं, झालं. एकतीस वर्षांत हा प्रयोग कधी फसला नव्हता, आणि तो त्या दिवशीही फसला नाही.

मग दुसऱ्या रांगेतून एक आवाज आला. "लिंबू दिलं आनि शांत झाली बघा."

पन्नास लोकांनी एकदम श्वास सोडला. त्यांना हे आधीपासून माहीत होतं, फक्त कुणीतरी करून दाखवायला हवं होतं. स्वप्नालीने विचारलं की लिंबू कापताना मी काय पुटपुटत होते. मी अभिक्रिया सांगत होते. पण मी हळू बोलते. मागच्या रांगेत बसलेल्या चौघींना मंत्राचे शब्द जवळजवळ पाठ झाले होते. सोडियम त्यांनी "सोमाय नमः" असं ऐकलं होतं. दोघींनी मला घरी येऊन लिंबू पिळून जाल का असं विचारलं, एकीच्या सुनेला बरं नव्हतं म्हणून आणि दुसरीचा फ्रिज आवाज करत होता म्हणून. धैर्यशीलरावांनी आभार मानताना, विज्ञान आणि श्रद्धा यांचा संगम आज आपल्या पार्किंगमध्ये झाला, असं सांगितलं.

मी पेले उचलून वर आले. रंगुबाई जिना झाडत होत्या. त्यांनी मला वाट दिली.

बुधवारच्या आत घर मोकळं करायचं तर एकच मार्ग होता. तो धैर्यशीलरावांनीच सुचवला. असं स्थान खाजगी असू नये, असं कमिटीचं मत पडलं होतं. मीटरच्या खोलीशेजारी रिकामी खोली होती. माझी हरकत नसेल तर. मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, "माझी हरकत नाही." माझ्या आयुष्यातलं ते एकमेव ना हरकत प्रमाणपत्र, आणि ते मला कुठल्याही खिडकीवर न जाता देता आलं. मंगळवारी सहा जणांनी यंत्र खाली नेलं. पुढे ढोल होता. दीपमालाला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "आई, वॉरंटी कार्ड तरी काढून घेतलंस का?" ते हाराखाली राहिलं होतं.

बुधवारी वडील आले. स्वयंपाकघरात ओट्याखाली चौकोनी मोकळी जागा होती, ती त्यांनी पाहिली, चहा घेतला, आणि खाली काय आहे ते विचारलं नाही. त्या दिवशी एक तारीख होती. मी त्यांना गाडीत बसवून परत आले तेव्हा सकाळपासूनची भांडी साचली होती, आणि रंगुबाई पदर खोचून त्यांच्यासमोर उभ्या होत्या. भांड्यांचं बंद केलेलं काम पुन्हा सुरू करा, असं मी म्हणाले नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी तवा घेतला.

मी दारात उभी राहिले. "रंगुबाई, त्या दिवशी तुम्ही कुंकू म्हणालात."

"कुकूच हुतं की."

त्या घासत राहिल्या.

"माजी आज्जी करायची. हळदीत खार पडला की कुकू हुतंय, त्यात काय हाय? म्हसवडच्या जत्रंत पाटी घिऊन बसायची. आमी पोरी खार कुटून द्यायचो. हात लाल हुयाचं ते आठ-आठ दिस जायाचं न्हाई."

कुंकू नव्हे ते, असं मी सगळ्या अपार्टमेंटला पाच दिवस सांगत होते. हळद आणि अल्क, दुसरं काय असतं कुंकू? त्या खोलीत त्या दिवशी चार जीव होते असं धरलं, यंत्रासकट, तर अचूक शब्द फक्त रंगुबाईंनी वापरला होता. आणि तो एकच होता. चुकीचं विधान माझं होतं. ते मी फार हळू बोलल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

मग हे बायकांना का सांगितलं नाहीत, मी विचारलं.

"तुमी सांगत हुता की, चार गिलास घिऊन." त्यांनी तवा पाण्याखाली धरला. "तुमचं न्हाई ऐकलं, तर माजं कोन ऐकतंय? आनि आवं बाई, भांडी माजी जानार हुती. यंत्राची न्हवं."

वर्गात एखाद्याने असं उत्तर दिलं की मी खडू ठेवून देत असे. खडू नव्हता, म्हणून मी ओट्यावरचा फडका घडी करून ठेवला.

"पावडर मातर ब्येस हाय," रंगुबाई म्हणाल्या. माझ्या डब्यातला सोडा त्यांनी चिंध्यांच्या बोळ्यावर घेतला होता. "तवा निगतोय."

खालची खोली झाडायला आता कमिटीने रंगुबाईंनाच सांगितलं आहे. गेलेल्या दोन घरांची भरपाई त्या एका खोलीत होते, असं त्या म्हणतात. आणि दर शुक्रवारी सकाळी यंत्राच्या दारावर ताज्या, ओल्या कुंकवाचं एक बोट उमटलेलं असतं. खोलीला कुलूप असतं. किल्ली धैर्यशीलरावांकडे असते आणि झाडणाऱ्या बाईकडे, पण झाडणाऱ्या बाईला लोक मोजत नाहीत. एखादीने विचारलंच तर रंगुबाई सरळ सांगतात, "हळद आनि सोडा हाय त्यो." बायका हसतात आणि हात जोडतात. मला विचारलं तर मीही तेच सांगते, अभिक्रियेसकट.

भांड्यांचा सोडा मी वेगळा काढून दिला आहे आणि माझ्या सोड्याच्या डब्यावर मी वजन लिहून ठेवते. पहिल्या तीन गुरुवारी ते कधी दोन ग्रॅमने कमी झालं, कधी पाचने, एकदा तर नऊ. नऊ ग्रॅमचं कुंकू काळपट पडलं होतं, ते मी जाता-जाता पाहिलं. आता दर गुरुवारी संध्याकाळी मी डब्याशेजारी एक लहान वाटी ठेवते, दोन ग्रॅम सोडा मोजून. अंदाजे घातलेलं मला चालत नाही.